झेड/व्हीएमचे व्यवस्थापन आणि बिघाडांचे निदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर वर्षानुवर्षे काम केलेल्या, पण आयबीएम मेनफ्रेमवरील झेड/व्हीएमची (एकाच मेनफ्रेमवर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीची) जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या प्रशासकांसाठी हे पान लिहिले आहे. पुण्या-मुंबईत बसून परदेशातील मेनफ्रेम सांभाळणाऱ्या अनेकांची वाट हीच असते. सर्व कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन लिपीतच द्याव्यात.

सीपी, सीएमएस आणि गेस्ट यांत नेमका फरक काय, आणि तो आधी का समजून घ्यावा?

सीपी म्हणजे कंट्रोल प्रोग्राम. खरे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क त्याच्या ताब्यात असतात आणि प्रत्येक वापरकर्त्याला तो एक आभासी यंत्र देतो; त्यालाच गेस्ट म्हणतात. त्या यंत्रात काय चालवायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते: लिनक्स, झेड/ओएस, दुसरे झेड/व्हीएम किंवा सीएमएस. सीएमएस ही एका वेळी एकाच माणसासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम असून प्रशासकाची बहुतेक साधने, म्हणजे एक्सएडिट संपादक, रेक्स भाषेतील एक्झेक आणि देखभालीच्या आज्ञावली, तिच्यात चालतात. ही विभागणी १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये झाली. तेथील सीपी-६७ मधून पुढे व्हीएम/३७० आले, जे २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झाले, आणि आजचे झेड/व्हीएम त्याच घराण्यातील आहे.

इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. झेड/व्हीएमवरील चुकलेल्या निदानांपैकी बहुतेक निदाने चुकीच्या थरावर शोध घेतल्यामुळे चुकतात. लिनक्स संथ आहे म्हणून लिनक्सची प्रक्रिया बंद करायची, आणि अडचण असते सीपीच्या पेजिंगमध्ये, म्हणजे मेमरीत न मावणारी पाने डिस्कवर ठेवण्यात. याला आपल्याकडे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात. त्यामुळे कोणताही बिघाड समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: मी आत्ता कोणाशी बोलतो आहे, आणि तक्रार कोणत्या थराची आहे?

कन्सोलच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘होल्डिंग’, ‘मोअर’ किंवा ‘सीपी रीड’ दिसते. गेस्ट बंद पडला आहे का?

बहुधा नाही, पण दुर्लक्ष केले तर पडू शकतो. ‘मोअर’ म्हणजे पडदा भरला आहे आणि पुढचा मजकूर थांबून आहे. काही न केल्यास मूळ मांडणीप्रमाणे एका मिनिटात पडदा आपोआप पुसला जातो. त्याच वेळी एंटर दाबले गेले तर स्थिती ‘होल्डिंग’ होते आणि मग पडदा आपोआप पुसला जात नाही. क्लिअर किंवा पीए२ ही कळ दाबावी लागते. पडदा असा अडकून राहिला तर कन्सोलवर मजकूर लिहू पाहणारा गेस्टही त्या जागी अडकून राहू शकतो. नवखे सहकारी घाबरून पुनःपुन्हा एंटर दाबतात आणि अडचण वाढवतात.

‘सीपी रीड’ अधिक गंभीर आहे. त्याचा अर्थ असा, की आभासी यंत्र थांबले आहे आणि सीपी तुमच्या कमांडची वाट पाहत आहे. पीए१ कळ दाबल्यावर, किंवा तोडलेल्या सत्रात परत आल्यावर ही स्थिती येते. ‘बिगिन’ अशी कमांड दिली की यंत्र थांबले होते तेथून पुढे चालू लागते. येथे भलतीच घाई करून ‘आयपीएल सीएमएस’ दिले (आयपीएल म्हणजे सिस्टिम नव्याने सुरू करणे), तर चालू असलेले लिनक्स त्या क्षणी मेमरीतून पुसले जाते. ज्या गेस्टमध्ये प्रत्यक्ष वापरातील (प्रॉडक्शनचे) काम चालते त्याच्या डिरेक्टरीतील, म्हणजे सर्व वापरकर्त्यांची यंत्रे आणि अधिकार लिहिलेल्या यादीतील, नोंदीत ‘सेट रन ऑन’ ही कमांड आधीच घालून ठेवावी, म्हणजे कोणी सीपीत शिरले तरी यंत्र थांबत नाही.

काम संपल्यावर मी ‘लॉगऑफ’ केले आणि सर्व्हरच गेला. असे का झाले?

झेड/व्हीएममध्ये लॉगऑफ म्हणजे सत्र बंद करणे नव्हे, तर आभासी यंत्र मोडून टाकणे होय. भौतिक सर्व्हरची वीज काढण्याइतकीच ती कृती आहे. सत्र सोडून यंत्र चालू ठेवायचे असेल तर ‘#सीपी डिस्कनेक्ट’ द्यावे. परत येताना नेहमीप्रमाणे लॉगऑन करावे, आणि दुसऱ्या टर्मिनलवर सत्र अडकले असेल तर लॉगऑनच्या शेवटी ‘हिअर’ जोडावे.

यातला एक सूक्ष्म धोका लक्षात ठेवावा. ‘सीपी रीड’मध्ये थांबलेले यंत्र तसेच तोडले गेले, तर ठरावीक वेळेनंतर, जी मूळ मांडणीत १५ मिनिटे असते, सीपी त्याला सक्तीने लॉगऑफ करतो. नेटवर्क तुटल्यामुळे टर्मिनल गेले आणि पाव तासाने सर्व्हर नाहीसा झाला, अशा तक्रारीचे मूळ जवळपास नेहमी येथे सापडते.

लिनक्सच्या आतून सीपीला कमांड देता येते का?

येते. ‘व्हीएमसीपी’ हे साधन लिनक्सच्या मेनफ्रेम साधनसंचात असते आणि ते रूट अधिकाराने चालवावे लागते. सीपीचे उत्तर साठवण्यासाठी मुळात ८ केबी जागा असते. मोठे उत्तर अर्धवट आले तर पर्याय देऊन ती वाढवावी. मात्र त्या गेस्टला डिरेक्टरीत जितके अधिकार आहेत तितकेच व्हीएमसीपीलाही मिळतात, आणि ते तसेच राहू द्यावेत. सोयीसाठी लिनक्स गेस्टला उच्च अधिकार श्रेणी देणे म्हणजे त्या लिनक्सच्या प्रत्येक रूट वापरकर्त्याच्या हाती पूर्ण यंत्र देणे आहे.

‘सिस्टिम कॉन्फिग’ फाइलमध्ये बदल सुरक्षितपणे कसा करावा?

सीपी सुरू होताना आपली मांडणी या फाइलमधून वाचतो. झेड/व्हीएम ६.२ पासून ती पीमेंट या वापरकर्त्याच्या सीएफ० डिस्कवर असते आणि चालू सीपीने ती डिस्क वाचनासाठी धरलेली असते. म्हणून आधी ‘सीपीरिलीज ए’ देऊन सीपीची पकड सोडवावी, डिस्क लिहिण्याच्या अधिकाराने जोडून घ्यावी, फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि मगच एक्सएडिटमध्ये बदल करावा. त्यानंतर ‘सीपीसिंटॅक्स’ चालवावे. ते फाइलमधील व्याकरणाच्या चुका दाखवते. शेवटी डिस्क पुन्हा वाचनासाठी जोडून ‘सीपीअॅक्सेस’ने सीपीच्या हवाली करावी.

सीपीसिंटॅक्स वाक्यरचना तपासते, तुमचा हेतू तपासत नाही. पेजिंग डिस्कचे नाव एका अक्षराने चुकले तरी फाइल निर्दोष ठरते आणि पुढच्या आयपीएलला ती डिस्क मिळत नाही. त्यामुळे प्रत ठेवण्याची पायरी कितीही घाई असली तरी गाळू नये. तसेच, चालू सिस्टिमवर कमांड देऊन केलेला बदल पुढच्या आयपीएलला टिकत नाही. तो या फाइलमध्येही लिहावा लागतो. सहा महिने सुरळीत चाललेली सिस्टिम देखभालीच्या रात्रीच का अडते, या प्रश्नाचे सर्वांत सामान्य उत्तर हे आहे.

बदलानंतर सिस्टिम सुरूच होत नाही. आता काय करावे?

प्रथम हात थांबवावा आणि पडद्यावरील संदेश शेवटपर्यंत वाचावा, कारण येथे घाईने दिलेले एक उत्तर परत फिरवता येत नाही. सुरू होताना सीपी विचारतो, की वॉर्म, फोर्स, कोल्ड की क्लीन. वॉर्म ही नेहमीची पद्धत असून तिच्यात स्पूल फाइल्स, म्हणजे कन्सोल नोंदींसारख्या सीपीने रांगेत साठवलेल्या फाइल्स, जशाच्या तशा राहतात. वॉर्म अयशस्वी झाली तर फोर्स वापरावी; ती शक्य तितके वाचवते आणि जे वाचत नाही ते टाकून देते. कोल्डमध्ये वापरकर्त्यांच्या स्पूल फाइल्स जातात, पण जतन केलेले सेगमेंट आणि नावाने साठवलेल्या सिस्टिम यांसारख्या सिस्टिमच्या फाइल्स राहतात. क्लीनमध्ये दोन्ही जातात. स्पूलमध्ये काय आहे याची खात्री आणि त्याची बॅकअप प्रत हाती असल्याशिवाय क्लीन निवडू नये. ‘स्वच्छ’ या अर्थामुळे हा पर्याय निरुपद्रवी वाटतो, पण सगळ्यांत विध्वंसक पर्याय तोच आहे.

याच प्रश्नाच्या उत्तरात आणखी दोन शब्द जोडता येतात. ‘नोऑटोलॉग’ दिल्यास ऑटोलॉग१ हा वापरकर्ता आपोआप सुरू होत नाही. त्याच्या प्रोफाइल एक्झेकमध्ये चूक असेल किंवा सगळे गेस्ट एकदम उठायला नको असतील तेव्हा याचा उपयोग होतो. ‘नोडिरेक्ट’ दिल्यास वापरकर्ता डिरेक्टरीविना सिस्टिम उभी राहते. डिरेक्टरीच खराब झाली असेल तेव्हा प्रमुख ऑपरेटरला ती नव्याने लिहिता यावी, यासाठी ही सोय आहे.

त्याआधीच अडत असेल, तर आयपीएल करताना लोड पॅरामीटर म्हणून कन्सोलचा पत्ता द्यावा. मग स्टँडअलोन प्रोग्राम लोडरचा पडदा येतो, ज्याला सगळे ‘सॅपल’ म्हणतात. तेथे आयपीएल पॅरामीटरमध्ये जुन्या कॉन्फिग फाइलचे नाव देता येते. नव्या सर्व्हिसनंतर (आयबीएमच्या दुरुस्त्या बसवल्यानंतर) सीपीचा गाभाच अडखळत असेल, तर मॉड्यूलच्या जागी ‘सीपीलोड’ऐवजी ‘सीपीलोल्ड’ लिहावे; ‘पुट२प्रॉड’ ही आज्ञावली नवा गाभा बसवताना जुना याच नावाने बाजूला ठेवते. हा पडदा प्रत्येक प्रशासकाने एकदा तरी चाचणी सिस्टिमवर शांतपणे हाताळलेला असावा. पहाटे तीन वाजता, दूरध्वनीवर दहा जण थांबलेले असताना, तो प्रथमच पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

वापरकर्ता डिरेक्टरी हाताने बदलावी की डिरमेंटने?

डिरमेंट हे डिरेक्टरी सांभाळणारे साधन बसवलेले असेल तर केवळ त्यानेच. दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले, की डिरमेंटची प्रत आणि ‘युजर डिरेक्ट’ फाइल वेगवेगळी होते आणि कोणाचा तरी बदल हरवतो. डिरमेंट नसेल तर फाइल बदलून ‘डिरेक्टएक्सए’ चालवावे, परंतु आधी ‘एडिट’ पर्यायासह. त्याने चुका दिसतात, पण चालू डिरेक्टरीला धक्का लागत नाही.

एका गेस्टची डिस्क अचानक खराब झाली. हार्डवेअर ठीक आहे. आणखी कोठे पाहावे?

मिनिडिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरील सलग सिलिंडरांचा तुकडा, आणि तो कोठून कोठपर्यंत आहे हे डिरेक्टरीतील एका ओळीत लिहिलेले असते. हाताने लिहिलेल्या डिरेक्टरीत दोन तुकडे एकमेकांवर आले तर सीपी हरकत घेत नाही, कारण काही तुकडे मुद्दाम तसे लिहिलेले असतात. दोन्ही गेस्ट आपापल्या परीने योग्य लिहितात आणि एकमेकांचे पुसतात. ‘डिस्कमॅप’ ही आज्ञावली डिरेक्टरी वाचून असे आच्छादन आणि मधल्या रिकाम्या जागा दाखवते. डिरेक्टरीतील प्रत्येक मोठ्या बदलानंतर ती चालवावी. मिनिडिस्क शून्य सिलिंडरापासून सुरू करू नये, कारण खऱ्या डिस्कचे लेबल आणि वाटपाचा नकाशा तेथेच असतो. ज्या डिस्कचा शून्यापासूनचा भाग गेस्टला दिला जातो, तिच्यावर गेस्टने फॉरमॅट चालवला की लेबल जाते, आणि पुढच्या आयपीएलला सीपीला ती डिस्क ओळखताच येत नाही.

दुसरे कारण म्हणजे लिंकचा, म्हणजे डिस्क जोडून घेण्याचा, प्रकार. ‘एमडब्ल्यू’ प्रकाराने एकाच डिस्कवर दोघांना लिहिण्याची परवानगी मिळते. सीएमएसची फाइल यंत्रणा अशा दुहेरी लेखनासाठी बनवलेलीच नाही आणि दोघांनी लिहिले की फाइलसूची मोडते. ‘एमआर’ वापरावे; दुसरा कोणी लिहीत असेल तर त्यात तुम्हाला केवळ वाचनाचा अधिकार मिळतो.

सगळे गेस्ट एकदम संथ झाले आहेत. सुरुवात कोठून करावी?

सगळे एकदम संथ झाले, याचा अर्थ शोध लिनक्समध्ये नव्हे तर सीपीत घ्यायचा आहे. ‘इंडिकेट लोड’ने प्रोसेसरचा वापर आणि पेजिंगचा वेग पाहावा आणि ‘क्वेरी अलॉक पेज’ने पेजिंगची जागा किती भरली आहे ते पाहावे. पेजिंगची जागा निम्म्याहून अधिक भरू देऊ नये, हा जुना दंडक आहे. सीपीला पाने गटाने, सलग जागेत लिहायची असतात. जागा भरत गेली की सलग जागा मिळेनाशी होते आणि वेग ढासळतो. जागा पूर्ण संपली तर सीपी स्पूलच्या जागेत पाने लिहू लागतो, आणि तीही संपली की पीजीटी००४ या संकेताने संपूर्ण सिस्टिम कोसळते. एका गेस्टच्या हावरेपणाची किंमत तेव्हा सगळे मोजतात.

हिशेब आधी करून ठेवावा. ३३९० प्रकारच्या डिस्कवर एका ट्रॅकमध्ये ४ केबीची १२ पाने आणि एका सिलिंडरात १५ ट्रॅक, म्हणजे १८० पाने मावतात. मॉडेल ९ मध्ये १०,०१७ सिलिंडर असतात, म्हणून अशा एका डिस्कवर सुमारे १८ लाख पाने, म्हणजे जवळपास ६.८८ जीबी मावते. गेस्टना दिलेली एकूण मेमरी खऱ्या मेमरीपेक्षा १०० जीबीने जास्त असेल, तर निम्म्याचा दंडक पाळून किमान ३० डिस्क लागतील. पेजिंगच्या डिस्क एकसारख्या आकाराच्या व वेगाच्या असाव्यात आणि त्यांवर दुसरे काही ठेवू नये.

नवी डिस्क चालू सिस्टिममध्ये घालता येते: ‘सीपीएफएमटीएक्सए’ने फॉरमॅट करून पेज म्हणून वाटप, मग ‘डिफाइन सीपीओन्ड’, मग ‘अटॅच’ करून सिस्टिमच्या हवाली, आणि ‘स्टार्ट डॅस्ड’. सिस्टिम कॉन्फिगमध्ये तिची नोंद लगेच करावी.

मात्र खरा उपाय पुष्कळदा डिस्क वाढवण्यात नसून लिनक्सची मेमरी कमी करण्यात असतो, आणि हेच नव्या लोकांना पटवणे सर्वांत कठीण जाते. भौतिक सर्व्हरवर जास्त मेमरी देणे ही चैन असते. येथे तो शेजाऱ्यावर अन्याय ठरतो. लिनक्स मिळेल तेवढी मेमरी फाइलच्या कॅशेसाठी वापरून टाकते आणि सीपीच्या दृष्टीने ती सगळी पाने वापरात असतात. गेस्टची मेमरी हळूहळू कमी करावी, ते किंचित स्वॅप करू लागेल तेथे थांबावे, आणि स्वॅपसाठी मेमरीत राहणारी व्हीडिस्क द्यावी.

एकच गेस्ट संथ आहे. त्याला आणखी आभासी प्रोसेसर द्यावेत का?

बहुधा नाही. प्रत्येक गेस्टला मुळात सापेक्ष १०० इतका वाटा असतो आणि तो त्याच्या आभासी प्रोसेसरांत विभागला जातो. चार प्रोसेसर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ येतात. आठ केले तर साडेबारा. त्यामुळे एकाच धाग्यावर चालणारे काम जास्त प्रोसेसर दिल्यावर आणखी संथ होऊ शकते. लिनक्सच्या ‘टॉप’मधील ‘एसटी’ हा रकाना पाहावा. तो मोठा असेल तर गेस्ट काम करायला तयार आहे, पण सीपी त्याला खरा प्रोसेसर देत नाही, असा अर्थ होतो. तेव्हा ‘सेट शेअर’ने वाटा वाढवावा.

स्पूल भरत चालले आहे. काय पुसावे?

‘क्वेरी अलॉक स्पूल’ने भरलेली जागा पाहावी आणि कोणाच्या फाइल्स आहेत ते शोधावे. बहुतेक वेळा त्या जुन्या डम्पच्या (कोसळताना घेतलेल्या मेमरीच्या प्रतींच्या) किंवा कोणी न वाचलेल्या कन्सोल नोंदींच्या असतात. एका वापरकर्त्याच्या नावावर ९,९९९ स्पूल फाइल्सची मर्यादा असते आणि ऑपरेटरच्या नावावर नोंदी साचत गेल्या तर तीही गाठली जाते. सरसकट ‘पर्ज’ (पुसण्याची कमांड) देण्याआधी एसपीएक्सटेपने टेपवर प्रत घ्यावी.

याच ओघात ‘क्वेरी रेकॉर्डिंग’ही पाहावे. हिशेबाच्या आणि हार्डवेअर दोषांच्या नोंदी डिस्कॅकन्ट (DISKACNT) आणि ईरेप हे वापरकर्ते उचलतात. त्यांची डिस्क भरली किंवा ते सुरूच झाले नाहीत, तर नोंदी सीपीच्या मेमरीत साचत राहतात, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही.

गेस्ट सुरू आहे, पण नेटवर्क नाही.

गेस्टना नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचची स्थिती ‘क्वेरी व्हीस्विच’ला ‘डिटेल्स’ जोडून पाहावी. तीन कारणे वारंवार आढळतात: गेस्टला स्विचवर परवानगी दिलेली नाही; परवानगी कमांडने दिली होती, पण सिस्टिम कॉन्फिगमध्ये न लिहिल्यामुळे आयपीएलनंतर गेली; किंवा स्विच इथरनेट पद्धतीचा असून लिनक्समध्ये तिसऱ्या लेयरची मांडणी आहे, किंवा याच्या उलट. दोन झेड/व्हीएम एकाच नेटवर्कवर असतील तर त्यांचे मॅक पत्त्यांचे उपसर्ग वेगळे असल्याची खात्री करावी. ते सारखे असले तर जोडणी कधी चालते आणि कधी नाही, आणि शोधात दिवस जातात.

मेंटचा पासवर्ड चार जणांना ठाऊक आहे. हे चालेल का?

चालू देऊ नये. मेंट या देखभालीच्या वापरकर्त्याकडे जवळपास सर्व अधिकार श्रेणी असतात, आणि सामायिक पासवर्डमुळे कोणती कमांड कोणी दिली हे कधीच कळत नाही. डिरेक्टरीत पासवर्डच्या जागी ‘एलबीवायओन्ली’ लिहावे आणि ‘लॉगऑनबाय’मध्ये परवानगी असलेल्यांची नावे द्यावीत. मग प्रत्येक जण स्वतःच्या पासवर्डने ‘लॉगऑन मेंट बाय’ आणि आपले नाव लिहून आत येतो. रोजच्या कामासाठी सर्वसामान्य वापरकर्त्याची ‘जी’ (G) ही श्रेणी पुरते.

सिस्टिम बंद करताना गेस्टचा डेटा कसा वाचवावा?

‘फोर्स’ कमांड गेस्टला विचारत नाही. ती यंत्र मोडते. त्याऐवजी ‘सिग्नल शटडाउन’ द्यावे आणि ‘विदिन’ने सेकंदांची मुदत ठरवावी. संकेत घेणारे गेस्ट कोणते आहेत ते ‘क्वेरी सिग्नल्स’ने आधीच तपासावे. मोठा डेटाबेस असलेल्या गेस्टला बंद होण्यास प्रत्यक्ष किती वेळ लागतो हे एकदा मोजून मगच मुदत ठरवावी.

सीपी कोसळल्यानंतर आयबीएमकडे काय पाठवावे?

सीपी कोसळताना डम्प घेतो आणि स्वतःच पुन्हा सुरू होतो. मूळ मांडणीत तो डम्प ऑपरेटन्स या वापरकर्त्याच्या रीडरमध्ये, म्हणजे येणाऱ्या स्पूल फाइल्सच्या रांगेत, येतो. त्यासाठी स्पूलमध्ये जागा राखलेली आहे की नाही, हे ‘क्वेरी डम्प’ने सुदिनीच पाहून ठेवावे. ‘डम्पएलडी२’ने तो सीएमएस फाइलमध्ये उतरवावा. त्यासोबत कोसळण्याचा संकेत, ‘क्वेरी सीपीलेव्हल’चे उत्तर, ऑपरेटर कन्सोलची नोंद आणि आदल्या काही दिवसांत केलेल्या बदलांची यादी द्यावी. कन्सोलवरील वेळ ग्राहकाच्या देशातील असते आणि आपली टिपणे भारतीय वेळेतील, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे कोणती वेळ ते स्पष्ट लिहावे. साडेपाच, साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा घोळ झाला की घटनाक्रम उलटा लागतो.